रहाटपाळण्याकडे पाठ करून

चैत्री पौर्णिमेच्या पहाटे परभणी जिल्ह्यातल्या मानवत तालुक्यातल्या कुठल्याही गावात गेलं, तर मारुतीच्या देवळापुढे कीर्तन रंगात आलेलं असतं. हनुमानाचा जन्म सूर्योदयाचा. त्यामुळे पूर्व उजळते तसा बुवांचा आवाज चढतो, सूर्य दिसताच फुलं उधळली जातात, सुंठवडा वाटला जातो आणि पालखी निघते. फोटो काढणाऱ्यासाठी याहून सोयीचा देव नाही. सव्वासहा-साडेसहाचं ऊन तिरपं येतं, पालखीच्या दांडीखालून भोयांच्या चेहऱ्यावर पडतं, उडालेल्या गुलालात सोनेरी धूर धरतं. सगळं आपसूक होतं. कॅमेरेवाल्याने झोपेतून उठून हजर व्हायचं, एवढंच त्याचं काम.

रामनवमीचं नेमकं उलट. रामाचा जन्म भर दुपारी बाराचा. शेजारच्या जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ हे रामदासस्वामींचं जन्मगाव, आणि तिथला रामनवमीचा उत्सव मोठा. बाहेर पांढरं रणरणतं ऊन, आत गाभाऱ्यापाशी मिट्ट काळोख, आणि पाळण्याची दोरी या दोहोंच्या मधोमध उभ्या बायकांच्या हातात. डोळ्याला दोन्ही बाजू एकदम दिसतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत. आतला पाळणा दिसेल असा फोटो घेतला तर दारातलं अंगण पांढरंफटक होतं, अंगण सांभाळलं तर पाळणा काळा. जाणते फोटोवाले अशा वेळी दाराकडे पाठ करतात आणि बाहेरच्या फरशीवरून उसळून आत येणारा उजेड ज्या चेहऱ्यांवर पडतो, ते चेहरे टिपतात. पाळणा न दिसताही त्या चेहऱ्यांवरून कळतं, की आत्ता काय घडलं.

पाठ फिरवण्याची ही युक्ती जत्रेच्या फोटोत फार दूरवर कामी येते. त्याबद्दल पुढे. आधी उन्हाचा हिशेब.

मानवत साधारण १९.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कल्याणहून निर्मलकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, पाथरी आणि परभणीच्या मधलं हे कापसाच्या बाजारपेठेचं गाव. मेच्या मध्याला सूर्य इथे थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. तोही घड्याळातल्या बाराला नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि मानवत त्याच्या सहा अंश पश्चिमेला, म्हणून इथला खरा मध्यान्ह बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी होतो. एप्रिलमधल्या जत्रांतही दुपारची सावली पायाखालीच घोटाळते. अशा उन्हात टोपीखालचा माणूस म्हणजे चकाकणारं नाक आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे. पदराखालच्या बाईचा तर अर्धा चेहराच जातो.

यावर पुस्तकी उपाय फ्लॅशचा. फ्लॅश रात्रीसाठी, हा समज खोटा आहे. चेहऱ्यावरची सावली भरून काढायला तो भर दुपारी जास्त उपयोगी पडतो. पण जत्रेत त्याहून साधा उपाय जागोजागी उभा असतो, तो म्हणजे पाल. दुकानाच्या पांढऱ्या कापडाखाली कडेला उभ्या माणसावर उजेड मऊ येतो, आणि समोरची तापलेली जमीन खालून थोडा उजेड परत फेकते. इथे एक मेख आहे. मांडव लाल-पिवळ्या कापडाचा असेल तर माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. आणि हल्ली मराठवाड्यात सर्रास लावतात ती हिरवी शेडनेट असेल, तर पंगतीला बसलेलं अख्खं गाव शेवाळलेलं दिसतं. रंग नंतर मोबाइलवर दुरुस्त करता येतो म्हणावं, तर एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूने शेडनेट असल्यावर एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. त्यापेक्षा चार पावलं सरकून पांढरं पाल शोधावं.

दुसरी मेख धोतर-टोपीची. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्याच्यापुढे शंभर पांढऱ्या टोप्या आल्या, की उजेड जास्त झाला असं समजून तो सगळं चित्र मळकट करतो. मग टोप्या राखाडी आणि चेहरे काळवंडलेले. अशा वेळी त्याचं न ऐकता उजेड एक पायरी वाढवायचा. मोबाइलवर बोट ठेवून सूर्याचं चिन्ह वर सरकवलं की काम होतं. फक्त टोप्यांवरच्या घड्या दिसेनाशा होईपर्यंत वाढवू नये.

एवढ्या उन्हात जत्रा भरवतातच का, असं शहरी पाहुण्याला वाटतं. त्याचं उत्तर शेतात आहे. चैत्रापर्यंत ज्वारी, गहू, हरभरा खळ्यावरून घरात आलेला असतो, कापूस विकून झालेला असतो, आणि मृगाला अजून अवकाश असतो. हातात थोडे पैसे आणि थोडी सवड, दोन्ही एकदम असण्याचे वर्षातले हेच दोन महिने. म्हणून महाराष्ट्राच्या जत्रांचा नकाशा चैत्रात गजबजतो. कोल्हापूरजवळ जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, मुंगी घाटातून कावडी शिखर शिंगणापूरला चढतात, वणीच्या सप्तशृंगगडावर रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत चैत्रोत्सव चालतो. मराठवाड्यात तुळजापूर आहे, आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा आहे, जिथे लोक चुनखडी वेचतात आणि पालखी आमराईत उतरते. परभणीचा हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस मात्र दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला, उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. त्याला सगळ्या जातिधर्मांची गर्दी असते आणि ऊन अजून दयाळू असतं. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी उरुसापासून सुरुवात करावी आणि चैत्रापर्यंत हात बसवावा.

या मोठ्या यात्रांचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. उंचावरून घेतलेला गुलाबी डोंगर आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसं. वर्तमानपत्रं ते दरवर्षी छापतात, आणि गेल्या वर्षीचा फोटो चुकून यंदा छापला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. छोट्या गावच्या जत्रेत तसला फोटो निघतच नाही. गर्दी चार-पाच हजारांची, डोंगर नाही, उंच जागा म्हणजे शाळेची गच्ची. मग जवळ जावं लागतं. छोट्या जत्रेचा फोटोवाल्यावर हा उपकारच म्हणायचा.

जवळ जाण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा मुंबईत फोटो स्टुडिओ चालवत. त्यांनी इंग्लंडहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला आणि नोव्हेंबर १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी अशी पैलवानांची नावं. धुण्यासाठी फिल्म परत इंग्लंडला पाठवावी लागली. त्यांचं दुसरं चित्रीकरण माकडं खेळवणाऱ्याचं. म्हणजे भारतीय माणसाने पहिल्यांदा चलच्चित्राचा कॅमेरा हातात घेतला तेव्हा समोर राजवाडा किंवा दरबार नव्हता, जत्रेतले दोन ठरलेले खेळ होते. त्याच काळात मानवत-परभणी ज्या निजामाच्या राज्यात होती, तिथे लाला दीनदयाळ दरबारी छायाचित्रकार होते. त्यांचे फोटो देखणे आहेत, पण त्यांतली माणसं बहुतेक खुर्चीत, हत्तीवर किंवा शिकारीच्या वाघाशेजारी आढळतात. जत्रेच्या फोटोवाल्याने दीनदयाळांची तांत्रिक सफाई घ्यावी आणि नजर सावेदादांची घ्यावी.

कुस्तीचा फड अजूनही उन्हाळी जत्रेतला सर्वांत फोटोसोयीचा कार्यक्रम आहे, आणि त्याचं कारण पुन्हा सूर्य. ऊन उतरेपर्यंत माती तापलेली असते, त्यामुळे फड चार-पाचला सुरू होतो. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळाच्या, मग शंभर, पाचशे, हजार अशी बोली चढत जाते. मानाची कुस्ती लागते तेव्हा सूर्य मावळतीला टेकलेला असतो. एप्रिलमध्ये मानवतला सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. पश्चिमेकडे तोंड करून जमिनीवर बैठक मारली, तर पैलवानांनी उधळलेली माती मागून उजळते आणि दोन्ही देहांना कड येते. डाव पकडायला कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच उघडावा लागतो, आणि तरी चितपटीचा क्षण हुकतो. कारण डाव दिसला तोवर तो होऊन गेलेला असतो. इथे हलगी मदत करते. हलगीवाला वर्षानुवर्षं कुस्त्या बघत आलेला असतो. डाव बसणार असं त्याला वाटलं की त्याची लय चढते, आणि कान लावून बसलेल्या फोटोवाल्याला क्षणभर आधी सूचना मिळते.

पण फडाभोवती मातीत बसलेली माणसं पाहावीत. पैलवानाने पट काढला की त्यांचे खांदे आपोआप वळतात. म्हातारे वस्ताद ओठांतल्या ओठांत डाव सांगत असतात. झाडावर चढलेली पोरं फांदीला मिठी मारून असतात. कुस्तीच्या फोटोत दोन माणसं असतात, कुस्ती बघणाऱ्यांच्या फोटोत दोनशे, आणि प्रत्येकाची कुस्ती वेगळी. शंकरपटातही तेच. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. तेव्हापासून धुळीतून सुसाट येणाऱ्या जोडीच्या फोटोंना पूर आला आहे. त्यातले बरेच जीव धोक्यात घालून, धावेच्या तोंडाशी उभं राहून काढलेले. बैल वळला तर पळायला जागा नसते. बाजूला उभं राहून, जोडी पुढे निघून गेल्यावर मालकाच्या चेहऱ्यावर जे उरतं ते टिपणारा फोटोवाला विरळा.

हे बघणाऱ्यांना बघणं एका छायाचित्रकाराने थेट जगासमोर नेलं. अमित मधेशिया आणि शर्ली अब्राहम ही जोडी २००८ पासून महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरत होती. विषय होता टुरिंग टॉकीज. ट्रकमधून प्रोजेक्टर आणायचा, जत्रेच्या माळावर तंबू ठोकायचा, पडदा लावायचा आणि रात्रभर सिनेमे दाखवायचे, हा धंदा तेव्हा शेवटच्या घटका मोजत होता. मधेशियांनी पडद्याकडे पाठ केली. पडद्यावरून परतलेल्या उजेडात, घोंगड्या-शाली पांघरून बसलेल्या प्रेक्षकांचे चेहरे त्यांनी टिपले. २०११ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत कला आणि मनोरंजन विभागातल्या चित्रमालिकांत त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. पुढे दोघांनी मिळून केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे माहितीपटांसाठीच्या पुरस्कारात परीक्षकांच्या विशेष पारितोषिकाचा मानकरी ठरला. त्या फोटोंत सिनेमा कुठला लागला आहे ते कळत नाही. हसू, भीती, पेंग, प्रेमात पडल्याची लाज एवढं मात्र लख्ख कळतं.

अमेरिकेतल्या गावजत्रांची चित्रंही याच वाटेने गेलेली दिसतात. तिथे उन्हाळा सरता सरता काउंटी फेअर भरतात: गुरांचं प्रदर्शन, भोपळ्यांच्या स्पर्धा, पाळणे, तमाशे. जॅक डेलानो या सरकारी योजनेतल्या छायाचित्रकाराने सप्टेंबर १९४१ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या रटलंडच्या जत्रेचे रंगीत फोटो काढले, तेही रंगीत फिल्म दुर्मीळ असताना. त्यात पाळणे आहेत, तंबूपुढे ओरडून गिऱ्हाईक बोलावणारा माणूस आहे, आणि नाचणाऱ्या मुलींच्या तंबूची मागची बाजूही आहे. तीसेक वर्षांनी सुझन मायझेलस ही तरुणी त्याच मागच्या बाजूला जाऊन बसली. १९७२ पासून काही उन्हाळे न्यू इंग्लंडच्या गावजत्रांत फिरून तिने तंबूत नाचणाऱ्या स्त्रियांचे फोटो काढले आणि त्यांचं, त्यांच्या मालकांचं, गिऱ्हाइकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. १९७६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. आपल्याकडे हे काम संदेश भंडारे यांनी तमाशाबाबत केलं. ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या त्यांच्या पुस्तकात फडावरच्या झगमगाटाबरोबर फडामागचं बिऱ्हाडही आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन चैत्र-वैशाखातल्या जत्रांच्या सुपाऱ्या देतात, आणि तिथून हे फड निघतात. रात्री ज्या बाईवर शिट्ट्या पडल्या, ती सकाळी ट्रकच्या सावलीत पोराला भरवत असते. दोन्ही फोटो खरे असतात, पण आपण आजवर पहिलाच पाहत आलो.

दुपारचा वेळ फुकट जातो अशी फोटोवाल्यांची तक्रार असते. बारा ते चार पारा बेचाळिशीपार, माणसं घरात नाहीतर झाडाखाली, पाळणे थांबलेले. पण जत्रेचे खरे रहिवासी याच वेळी दिसतात. खेळण्यांचे दुकानदार आपापल्या दुकानाखालीच आडवे झालेले, वर पिपाण्या-भिंगऱ्या लटकताहेत. पाळणेवाले नटबोल्ट तपासताहेत. कासारणीच्या पाटीभोवती तेवढ्यात दोन सासुरवाशिणी बसून घेतात, कारण संध्याकाळी गर्दीत हात पुढे करायला जागा नसते. रसवंतीचे घुंगरू मात्र वाजतच असतात. या माणसांची जत्रा आपल्या गावापुरती नसते. इथली उठली की ती पुढच्या गावी, असं मृगापर्यंत चालतं. त्यांच्याशी दुपारी दोन शब्द बोललेला फोटोवाला रात्री पाळण्याच्या कठड्यापाशी उभा राहिला तर त्याला कुणी हटकत नाही.

यंत्राला मात्र दुपार सोसत नाही. आयफोन बनवणारी कंपनीच सांगते, की तो शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. मानवतच्या मेमध्ये ३५ अंश सकाळीच ओलांडले जातात. खिशातला फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग कॅमेरा बंद पडतो. कव्हर काढून सावलीत ठेवावा. बर्फाच्या पाण्याच्या बाटलीला चिकटवला तर आत बाष्प धरायची भीती. लांब पल्ल्याच्या भिंगाने दुपारी दूरचं काही टिपू नये, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि कितीही महागडं भिंग असलं तरी फोटो पाण्यातून घेतल्यासारखा येतो. आणि गुलालात भिंग बदलू नये. तो कण एकदा आत सेन्सरवर बसला, की पुढच्या दहा जत्रांच्या आभाळात त्याच जागी डाग दिसतो.

संध्याकाळी एक छोटी संधी येते आणि ती पंचांगात लिहिलेली असते. मारुतीची जत्रा पौर्णिमेची, आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या आसपासच पूर्वेला उगवतो. त्या पंधरा-वीस मिनिटांत आभाळ निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि चंद्र अजून फार तेजस्वी झालेला नसतो. रहाटपाळण्याच्या पश्चिमेला लांबवर जाऊन उभं राहिलं तर पाळणा, चंद्र आणि माणसं एकाच चौकटीत नीट उमटतात. अर्ध्या तासाने आभाळ काळं होतं. चंद्र उन्हात उजळलेला दगड असल्याने त्याला उजेड दिवसाएवढाच द्यावा लागतो, आणि तेवढ्या उजेडात जत्रा दिसत नाही. मग चंद्राच्या जागी नुसता पांढरा ठिपका उरतो.

रात्रीचा ठरलेला फोटो म्हणजे फिरत्या पाळण्याचं प्रकाशचक्र. कॅमेरा कशावर तरी टेकवून पडदा एक-दोन सेकंद उघडा ठेवला की ते जमतं. छान दिसतं आणि सगळ्यांचं सारखं दिसतं. त्याऐवजी पाळण्याकडे पाठ करून खाली रांगेत उभ्या माणसांकडे पाहावं. लाल, हिरवा, निळा उजेड दर दोन सेकंदांनी त्यांच्या चेहऱ्यावरून फिरत असतो. पहिल्यांदाच बसणारी पोरगी आईचा पदर सोडायला तयार नसते, बापाला आपण पोरापेक्षा जास्त भ्यालोय हे लपवायचं असतं. इथे एक तांत्रिक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, पण पडदा फार वेगाने उघडझाप करत असेल तर फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग धरला की पट्टे जातात. मोबाइलच्या व्हिडिओ सेटिंगमध्येही ५० हर्ट्‌झची निवड असते.

मोबाइलबद्दल आणखी एक. बऱ्याच फोनमध्ये चेहरा आपोआप गोरा आणि गुळगुळीत करणारी सोय चालूच असते. उन्हातान्हात कापूस वेचलेल्या बाईच्या चेहऱ्यावरच्या रेघा पुसून तिला बाहुली करणं हा तिचा सन्मान नव्हे. ती सोय आधी बंद करावी. तसंही गावात चेहरा चकचकीत करायची हौस भागवायला चौकातले फ्लेक्स आहेत. जत्रेत सर्वाधिक छापली जाणारी छायाचित्रं देवाची नसतात, शुभेच्छुकांची असतात, आणि त्यातले निम्मे गॉगल लावून असतात.

जत्रेत काय टिपू नये, हा प्रश्न कॅमेरा सगळ्यांच्या खिशात आल्यापासून जास्त टोकदार झाला आहे. गाभाऱ्यात बंदी असेल तिथे प्रश्नच नाही. अंगात आलेल्या बाईचा फोटो मात्र कायद्याने कुणी अडवत नाही आणि म्हणूनच तो सगळ्यांत जास्त काढला जातो. केस सुटलेले, पदर ढळलेला, भान नाही. जिला संमती देण्याचं भान नाही तिचा फोटो घेणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या खिशात हात घालणं आहे, मग तो पुढे कितीही कलात्मक ठरो. पोतराजाचं वेगळं. तो आसूड ओढतो ते त्याचं काम आहे, आणि फोटो काढून झाल्यावर त्याने पैसे मागितले तर तो त्याचा हक्क समजून द्यावेत. फुकट फोटो काढून ‘लोप पावती कला’ म्हणून मिरवणाऱ्यांपेक्षा त्याची मागणी जास्त प्रामाणिक आहे. लहान मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्यांना विचारावं. जत्रेत विचारलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, उलट पोराचं नाक पुसून, केस चापून पुढे उभं करतात. मग तो फोटो सहज राहत नाही, पण तो त्या घराला हवा असलेला फोटो असतो. ड्रोन उडवणाऱ्यांनी २०२१ चे ड्रोन नियम वाचावेत, पोलिसांना विचारावं, आणि बैलांच्या वर तर मुळीच नेऊ नये.

मानवतसारख्या गावाच्या चित्रांचा विचार केला तर हे सगळं जरा जास्तच महत्त्वाचं वाटतं. बाहेरच्या जगाला हे गाव कशामुळे ठाऊक आहे? १९७० च्या दशकातल्या हत्याकांडामुळे. त्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेबमालिका आली आणि नव्या पिढीलाही ते नाव त्याच रंगात कळलं. मराठवाड्याच्या इतर गावांचे फोटो बाहेर जातात ते भेगाळलेल्या जमिनीचे आणि टँकरभोवतीच्या घागरींचे. ते खोटे नाहीत. पण नवं लुगडं नेसून, इस्त्रीचा सदरा घालून, पोरं खांद्यावर घेऊन निघालेली हीच माणसं वर्षातून निदान दोन दिवस जत्रेत असतात, आणि त्या दोन दिवसांत त्यांना आपला फोटो निघावा असं मनापासून वाटत असतं.

ही हौस ओळखूनच जत्रेतला फोटोवाला जन्माला आला. एका पालात रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल किंवा बागबगीचा. पुढे पुठ्ठ्याचं विमान नाहीतर मोटारसायकल. जुन्या काळी देशभरच्या जत्रांत लाकडी पेटीचा कॅमेरा असे, ज्याच्या पोटातच रसायनांची तबकडी असायची. फोटोवाला बाहीतून हात आत घालून कागदावरची उलटी प्रत धुवायचा, मग त्या उलट्या प्रतीचाच पुन्हा फोटो काढून सुलटी करायचा, आणि काही मिनिटांत ओला फोटो हातात. पुढे बडोद्यात बनणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने घरोघरी कॅमेरा नेला, एका रिळात बारा फोटो. आता त्याच पालात डिजिटल कॅमेरा, छोटा प्रिंटर आणि बाहेर जनरेटर असतो. नवरा-बायको पहिल्यांदाच जोडीने जत्रेला आलेले असतात, ती पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवर मागे बसते, आणि समीक्षकांच्या लेखी त्या फोटोत काहीही नसतं. २०२० आणि २०२१ च्या चैत्रात करोनामुळे जत्रा भरल्या नाहीत. त्या दोन वर्षांत लग्न झालेल्या जोडप्यांच्या भिंतीवर हा फोटो नाही.

हौशी छायाचित्रकाराने या पालवाल्याकडून एक गोष्ट उचलावी: फोटो ज्याचा, त्याच्या हातात तो जायला हवा. व्हॉट्सअॅपवर नुसता पाठवला तर तो दाबून लहान होतो, मोठी प्रिंट निघत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. त्याहून बरं म्हणजे चार बाय सहाच्या प्रिंट काढून पुढच्या बाजाराच्या दिवशी गावातल्या किराणा दुकानात ठेवणं. दुकानदार प्रत्येकाला नावानिशी ओळखतो. मालकीचा प्रश्न निघालाच, तर १९५७ चा कॉपीराइट कायदा याबाबत मजेशीर आहे. त्याच्या सतराव्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर, एखाद्याने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला कॉपीराइट त्या गिऱ्हाइकाचा असतो. म्हणजे पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवर बसलेल्या जोडप्याचा फोटो कायद्याने त्या जोडप्याचा. आणि त्याच वेळी पालाबाहेर उभं राहून, दोघांना न विचारता, महागड्या कॅमेऱ्याने कुणी त्यांचा फोटो फुकट काढला असेल, तर तो मात्र काढणाऱ्याचा.